प्रोसेसरला न उठवता

गणपतीच्या आराशीत हल्ली रंग बदलत धावणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या सर्रास दिसतात. त्यांतल्या बहुतेक पट्ट्यांवर डब्ल्यूएस2812 किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादा दिवा असतो. प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिमुकली चिप असते आणि तिला रंगाचा आकडा एकाच तारेवरून मिळतो. पल्स किती वेळ उंच राहिली यावरून ती 0 की 1 हे ओळखते. एका बिटाला 1.25 मायक्रोसेकंद मिळतात. त्यात 0 साठी पल्स सुमारे 0.4 आणि 1 साठी सुमारे 0.8 मायक्रोसेकंद उंच हवी, आणि चूक चालते ती 150 नॅनोसेकंदांची. दिवा एवढा स्वस्त असतो, कारण वेळ पाळण्याची सगळी जबाबदारी त्याने पाठवणाऱ्यावर टाकलेली असते.

पाठवणारा अर्डुइनो उनो असेल तर त्याचे घड्याळ 16 मेगाहर्ट्‌झचे, म्हणजे एका बिटासाठी त्याच्या हाती 20 सायकली. तेवढ्यात बिट वाचायचा, पिन वर करायची, मोजून थांबायचे आणि पिन खाली आणायची. मध्येच एखादा इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवायला लावणारी हाक, आला तर तिथे पोहोचण्यात आणि रजिस्टरे सांभाळून ठेवण्यातच या 20 सायकली संपतात आणि पट्टीवर भलताच रंग उमटतो. म्हणून या दिव्यांच्या लायब्रऱ्या डेटा पाठवताना सगळे इंटरप्ट बंद करतात. एका दिव्याचे 24 बिट पाठवायला 30 मायक्रोसेकंद लागतात, तर 300 दिव्यांना 9 मिलिसेकंद. तेवढा वेळ चिपला बाहेरचे काही ऐकू येत नाही. अर्डुइनोचे मिलिसेकंदांचे घड्याळ मागे पडते. सिरियल तारेवर 115200 च्या वेगाने दर 87 मायक्रोसेकंदांनी एक बाइट येत असेल, तर पहिले दोन-तीन सोडून बाकीचे वाया जातात. चिप मंद आहे म्हणून हे घडत नाही. सलग वेळ पाळण्याचे काम आपण अशा घटकावर लादलेले असते, ज्याला दर क्षणी दुसरीकडून हाक येऊ शकते.

स्वस्त मायक्रोकंट्रोलरमधली पेरिफेरल, म्हणजे प्रोसेसरभोवतीचे टायमर, सिरियल पोर्ट यांसारखे भाग, दिवसेंदिवस शहाणी का होत आहेत, या प्रश्नाच्या मुळाशी हेच आहे. शहाणपण म्हणजे इथे कृत्रिम बुद्धिमत्ता अभिप्रेत नाही. पिनेजवळ घडणाऱ्या घटनेला पिनेजवळच, ठरलेल्या वेळात, प्रोसेसरला न उठवता उत्तर देण्याची क्षमता, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या मते या क्षमतेचे खरे मोल वेगात नाही, वेळेच्या हमीत आहे. ती हमी कोणत्या रूपात दिली तर लोक वापरतात आणि कोणत्या रूपात ती डेटाशीटमध्येच पडून राहते, हे गेल्या चाळीसेक वर्षांच्या इतिहासातून बरेच स्पष्ट होते.

1980 मध्ये इंटेलने 8051 आणली. तिच्यात 4 किलोबाइट रॉम, 128 बाइट रॅम, दोन टायमर आणि एक सिरियल पोर्ट होता. 12 मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलवर तिची सर्वांत छोटी आज्ञा एक मायक्रोसेकंद घेई. तिचा टायमर मोजणी करी आणि भरला की प्रोसेसरला हाक मारी. त्यापुढे काय करायचे ते प्रोसेसरने बघायचे. पुढची अनेक वर्षे बहुतेक चिपांमध्ये पेरिफेरलचे स्थान एवढेच राहिले: निरोप आणून द्यायचा आणि बाजूला व्हायचे.

ही चौकट आधी मोडली मोटारगाडीच्या इंजिनाने. फिरत्या इंजिनात ठिणगी आणि इंधन यांचा क्षण क्रँकशाफ्टच्या कोनावर ठरतो, आणि दर फेरीला तो नव्याने मोजावा लागतो. 1990 च्या सुमारास आलेल्या मोटोरोलाच्या 68332 या चिपमध्ये त्यासाठी टाइम प्रोसेसिंग युनिट नावाचा वेगळाच भाग होता. त्याला 16 चॅनल होते आणि स्वतःचा मायक्रोकोड होता. मुख्य प्रोसेसरने धोरण ठरवायचे आणि क्रँकशाफ्टच्या दातेरी चक्राशी जुळवून पल्स नेमकी सोडायचे काम या युनिटने करायचे. कल्पना उत्तम होती आणि पुढच्या इंजिन-कंट्रोलरांमध्येही ती टिकली. पण चिप महाग होती, आणि मायक्रोकोड लिहिणे हे मोजक्या तज्ज्ञांचे काम होते.

उलट दिशेचे प्रयोगही झाले, आणि त्यांच्याकडे तुच्छतेने पाहू नये. नव्वदच्या दशकाअखेर सीनिक्स कंपनीने एसएक्स नावाची अतिवेगवान 8 बिटी चिप काढून सांगितले की पेरिफेरल सॉफ्टवेअरमध्येच लिहा; इंटरप्टला लागणारा वेळ आम्ही पक्का ठेवला आहे. 2006 मध्ये पॅरॅलॅक्सच्या प्रोपेलर चिपने त्याहून पुढची मजल मारली. आठ स्वतंत्र कोअर दिले आणि इंटरप्ट हा प्रकारच काढून टाकला. एकेका कोअरने एकेक काम मनापासून करावे. दोघांनाही निष्ठावान वापरणारे मिळाले, मुख्य प्रवाह मात्र त्या वाटेने गेला नाही. दोन टोकांचे हे प्रयत्न एकच गोष्ट सांगत होते: ज्या कामाला वेळेची हमी हवी, त्याला त्याचे असे स्वतंत्र यंत्र द्यावे लागते. ते यंत्र आख्ख्या प्रोसेसरएवढे असण्याची गरज आहे का, हाच प्रश्न उरला होता.

त्याचे एक उत्तर नॉर्वेतून आले. एव्हीआर ही चिप ट्रॉनहाइममध्ये जन्मली. 2008 मध्ये ॲटमेलने तिच्या एक्समेगा मालिकेत इव्हेंट सिस्टम आणली. एका पेरिफेरलमध्ये घडलेली घटना थेट तारेने दुसऱ्या पेरिफेरलकडे पाठवायची सोय तिच्यात होती. टायमर भरला की व्होल्टेज मोजून आकडा देणारा एडीसी आपोआप मोजमाप सुरू करणार, तेही दोन सायकलींच्या आत, आणि प्रोसेसर त्यात नाहीच. त्याच सुमारास ऑस्लोतल्या एनर्जी मायक्रो कंपनीने आपल्या गेको चिपांमध्ये अशीच सोय केली. पुढे ट्रॉनहाइमच्याच नॉर्डिक सेमीकंडक्टरने आपल्या ब्लूटूथ चिपांमध्ये ती आणली. एका छोट्या देशातल्या तीन कंपन्यांना पाठोपाठ एकच गोष्ट सुचली, याचे मला नेहमीच कौतुक वाटते.

तिघींना मुख्यतः वीज वाचवायची होती. सीआर2032 या गोल बॅटरीत साधारण 220 मिलिअँपिअर-तास असतात. प्रोसेसर जागा राहून 5 मिलिअँपिअर खात असेल तर ती दोन दिवसही पुरत नाही. सरासरी प्रवाह 10 मायक्रोअँपिअरवर आणला तर तीच बॅटरी हिशेबाने अडीच वर्षे चालते. दर सेकंदाला उठून तापमान बदलले का हे पाहणारा प्रोसेसर, आणि एडीसीनेच मर्यादा ओलांडली गेल्याचे ओळखल्यावर उठणारा प्रोसेसर, यांतले अंतर इथे दिसते. आता तर मायक्रोचिप कंपनीच्या काही स्वस्त चिपांमधला एडीसी नमुन्यांची बेरीज आणि सरासरी स्वतः करतो, सीमेशी तुलना करतो आणि सीमा ओलांडली तरच हाक मारतो.

तारा जोडून झाल्यावर साहजिकच दोन घटनांमध्ये थोडी तर्कक्रिया हवीशी वाटते: हे आणि ते दोन्ही घडले तरच, किंवा हे घडले पण ते नाही तेव्हा. मायक्रोचिपने हे अगदी तळाच्या चिपांमध्ये नेले. 64 बाइट रॅमच्या सहा पिनांच्या पीआयसी10एफ322 मध्येही काही लॉजिक गेट आपल्या मर्जीने जोडता येणारा भाग आहे. 2016 मध्ये मायक्रोचिपने ॲटमेल विकत घेतली. त्यानंतरच्या छोट्या एव्हीआर चिपांमध्ये इव्हेंट सिस्टम आणि हे जुळवते लॉजिक शेजारी-शेजारी नांदू लागले.

अशा जोडणीची किंमत मोटर फिरवताना कळते. महाराष्ट्रात घराघरांत आता बीएलडीसी पंखे लागत आहेत. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ॲटमबर्गसारख्या कंपनीने ही बाजारपेठ मोठी केली. साधा छतपंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, हा 30 च्या आसपास. त्यासाठी आत तीन फेजचा पूल असतो आणि प्रत्येक फेजला वरचा व खालचा असे दोन ट्रान्झिस्टर असतात. दोन्ही एकाच वेळी चालू झाले तर सरळ शॉर्ट. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू होईपर्यंत किंचित मोकळा वेळ सोडावा लागतो, त्याला डेड टाइम म्हणतात. तो सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडणारा डिझायनर धोका पत्करतो. प्रवाह अचानक वाढला तर काही मायक्रोसेकंदांत ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा पीडब्ल्यूएम तरंग तोडावा लागतो. कॉर्टेक्स-एम0 प्रोसेसर इंटरप्टला 16 सायकलींत पोहोचतो. 48 मेगाहर्ट्‌झवर हा वेळ एक तृतीयांश मायक्रोसेकंद होतो. आकडा छान आहे, पण तो सगळे सुरळीत असतानाचा. त्या क्षणी दुसऱ्या कुणी इंटरप्ट बंद ठेवले असतील, किंवा प्रोग्रामच कुठे अडकून पडला असेल, तर या आकड्याला अर्थ उरत नाही. उलट प्रवाह मर्यादेशी ताडून पाहणाऱ्या कंपॅरेटरचा आउटपुट चिपच्या आतच पीडब्ल्यूएमच्या फॉल्ट-इनपुटला जोडला असेल, तर प्रोग्राम मेला तरी ट्रान्झिस्टर वाचतो. सुरक्षेच्या कामात सरासरी वेळ किती याला महत्त्व नाही, सर्वांत वाईट वेळ किती याला आहे. मोटर, चार्जर, पॉवर सप्लाय यांच्यासाठी चिप निवडताना मी आधी हेच बघेन, मेगाहर्ट्‌झ नंतर.

आता जी वाट सर्वांत महत्त्वाकांक्षी होती तिच्याकडे. सायप्रेस कंपनीच्या पीसॉक चिपांमध्ये डिजिटल पेरिफेरल ठरलेली नव्हतीच. ती बनवण्याचे ठोकळे होते. पीसॉक 5एलपीमध्ये असे 24 पर्यंत ठोकळे, प्रत्येकात थोडे प्रोग्रामेबल लॉजिक आणि 8 बिटी आकडेमोडीचा एक भाग. व्हेरिलॉग या हार्डवेअरच्या भाषेत लिहून हवे ते पेरिफेरल घडवा. कागदावर याहून लवचीक काही त्या किमतीत नव्हते. तरी ही कल्पना सर्वत्र पसरली नाही आणि पुढच्या पीसॉक चिपांमध्ये या ठोकळ्यांचे स्थान आकसत गेले. माझ्या मते यात सिलिकॉनचा दोष कमी होता. सगळे काम पीसॉक क्रिएटर या कंपनीच्याच, फक्त विंडोजवर चालणाऱ्या साधनातून करावे लागे. तुम्ही घडवलेले पेरिफेरल चित्रांच्या आणि फायलींच्या गुंत्यात राही. ते दुसऱ्याला चार ओळींत पाठवता येत नसे आणि समोरच्याला ते नुसते वाचून कळत नसे.

ही उणीव 2021 च्या जानेवारीत रास्पबेरी पाय पिको या चार डॉलरच्या बोर्डाने भरून काढली. त्यावरची आरपी2040 चिप पुढे सुटी एका डॉलरला मिळू लागली. तिच्यात पीआयओ नावाचे दोन विभाग आहेत आणि प्रत्येकात चार स्टेट मशीन. प्रत्येक मशीन हा जणू नखाएवढा प्रोसेसर आहे, पण त्याला फक्त नऊ आज्ञा येतात: उडी, थांबणे, बिट आत घेणे, बाहेर देणे, रांगेत ढकलणे, रांगेतून ओढणे, हलवणे, इंटरप्ट आणि मांडणे. चार मशीनांमध्ये मिळून 32 आज्ञांची जागा. प्रत्येक आज्ञा बरोबर एका सायकलीत होते आणि तिच्यापुढे मोजून विलंब लिहिता येतो. 125 मेगाहर्ट्‌झवर ही सायकल 8 नॅनोसेकंदांची. आराशीतल्या त्या दिव्यांसाठीचा पीआयओ प्रोग्राम चार आज्ञांचा आहे. प्रोसेसरने रंगांचे आकडे रांगेत टाकायचे, हवे तर तेही काम मेमरीतून डेटा परस्पर हलवणाऱ्या डीएमएवर सोपवायचे, आणि इंटरप्ट बंद करण्याचा विषय संपतो.

चार आज्ञा वहीच्या पानावर मावतात, समोरच्याला समजावता येतात, चुकल्या तर बोट ठेवून दाखवता येतात. पीआयओ लोकांनी उचलला याचे सर्वांत मोठे कारण मला हे वाटते. मग लोकांनी त्याच्याकडून काय काय करून घेतले! केविन ओ'कॉनर यांनी कॅन2040 लिहून त्या चिपवर वाहनांमधला कॅन बस चालवून दाखवला. ल्यूक रेन हे ही चिप घडवणाऱ्यांपैकीच एक. त्यांनी घड्याळ 252 मेगाहर्ट्‌झपर्यंत ताणून पीआयओमधून थेट डीव्हीआयचे 640 बाय 480 चे चित्र मॉनिटरवर उमटवले.

पीआयओच्या मर्यादाही याच उदाहरणांत दिसतात. त्याला धड बेरीज येत नाही. एक-एकने उतरती मोजणी, एवढीच त्याची आकडेमोड. 32 आज्ञांत गुंतागुंतीचा प्रोटोकॉल बसत नाही. कॅन2040 मध्ये भरीचे बिट काढण्यासारखी कामे प्रोसेसरकडेच राहतात. चिपमध्ये कॅनचे तयार पेरिफेरल असेल तर शहाण्याने तेच वापरावे. पीआयओ हे जे चिपमध्ये नाही त्याच्यासाठी आहे, जे आहे त्याला पर्याय म्हणून नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये आरपी2350 आली. तिच्यात पीआयओचे विभाग तीन झाले, आणि सोबत एचएसटीएक्स नावाचे एक नवे, ठरावीक पेरिफेरल आले. वेगाने बिट बाहेर ढकलणे हे त्याचे काम, आणि डीव्हीआयला लागणारी संकेतरचना त्यात हार्डवेअरमध्येच बसवलेली आहे. लोकांनी जुळवत्या यंत्रावर जे करून दाखवले ते पुढच्या पिढीत पक्के झाले. पेरिफेरलची उत्क्रांती अशी व्हावी, असे मला मनापासून वाटते: गरज आधी वापरणाऱ्यांनी सिद्ध करावी आणि मग सिलिकॉन तिच्यासाठी खर्ची पडावे. इतरही आता याच बाजूला वळलेले दिसतात. नॉर्डिकच्या एनआरएफ54एल15 मध्ये मुख्य प्रोसेसरशेजारी पेरिफेरलची कामे करण्यासाठी एक छोटा रिस्क-फाइव्ह कोअर आहे. इन्फ्रारेड रिमोटसाठी बनवलेले ईएसपी32 मधले पेरिफेरल लोक केव्हाचे एलईडी पट्ट्यांसाठी वापरत आहेत.

एवढे सगळे इतक्या स्वस्तात कसे परवडते? आरपी2040 चे सिलिकॉन 40 नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर अवघे दोन चौरस मिलिमीटर भरते. कडेने पिनांसाठी जोडबिंदू ठेवावे लागतात आणि ते फार लहान करता येत नाहीत. त्यामुळे छोट्या चिपचा आकार पुष्कळदा त्यांच्यावरच ठरतो आणि आतली थोडी जागा जवळपास फुकट मिळते. काही हजार गेट तिथे घातले तर किमतीत फारसा फरक पडत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 2025 मध्ये 1.38 चौरस मिलिमीटर पॅकेजमधला मायक्रोकंट्रोलर हजाराच्या खरेदीत 20 सेंटला जाहीर केला, आणि त्यात 12 बिटी एडीसी आहे. खाली आणखी एक थर आहे. डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच32व्ही003 दहा सेंटच्या आसपास मिळते. तिच्यात यूएसबी नाही, तरी चार्ल्स लोहर यांनी नुसत्या सॉफ्टवेअरने तिच्यावर कमी वेगाचा यूएसबी चालवून दाखवला. हे काम थोर आहेच. पण तेव्हा 48 मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे सगळे लक्ष त्या दोन तारांकडे लागते, हेही विसरता येत नाही.

खर्च सिलिकॉनमध्ये नाही, तो माणसांच्या वेळेत आहे. एसटीएम32जी4 या चिपमालिकेचे संदर्भपुस्तक दोन हजारांहून अधिक पानांचे आहे. त्यात कॉर्डिक, गाळणीचे गणित, अतिसूक्ष्म टायमर असे विलक्षण भाग आहेत, आणि तेच भाग तयार लायब्रऱ्यांच्या वरवरच्या थरातून दिसत नाहीत. पिन वर कर, पिन खाली कर ही सगळ्या चिपांना समान असलेली भाषा सोयीची आहे, पण प्रत्येक चिपला वेगळी ठरवणारी गोष्टच तिच्यात गळून पडते. इव्हेंट जोडणीसाठी कंपन्यांमध्ये सामाईक नमुना नाही. नॉर्डिकसाठी लिहिलेली जोडणी सिलिकॉन लॅब्ज या दुसऱ्या कंपनीच्या चिपवर पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागते.

एकाच कंपनीच्या चिपवरच्या या अवलंबित्वाची झळ 2021 च्या चिपतुटवड्यात बसली. सेमीकंडक्टर मिळेनात म्हणून त्या सप्टेंबरात महिंद्राने आपल्या वाहन कारखान्यांत सात दिवस उत्पादन बंद ठेवत असल्याचे जाहीर केले. छोट्या उद्योगांना तर चिप बदलून फर्मवेअर पुन्हा लिहावे लागले, आणि ज्यांचे डिझाइन एखाद्या खास पेरिफेरलला बांधलेले होते त्यांना ते सर्वांत जड गेले. म्हणून अनुभवी डिझायनर खास पेरिफेरलपासून लांब राहतात ते भित्रेपणाने नव्हे. माझा कल तरी वापरण्याकडेच आहे, पण एका अटीवर: वेळेची हमी लागते तेवढाच भाग चिपच्या खास यंत्राला द्यावा, आणि तो एका वेगळ्या फाइलमध्ये, काय हवे आहे ते शब्दांत लिहून ठेवावा. चिप बदलली तर तेवढीच फाइल बदलायची.

दोष शोधण्याचे कामही अवघड होते. प्रोग्राम ओळीओळीने चालवून पाहता येतो. दोन पेरिफेरलमधली आतली तार डीबगरच्या खिडकीत दिसत नाही. त्याहून मोठा धोका असा की डीबगरने प्रोसेसर थांबवला तरी टायमर आपला चालूच राहू शकतो. मोटरच्या पीडब्ल्यूएमला नवा आकडा देणारे कुणी उरत नाही, जुनाच आकडा लागू राहतो, आणि थांबू पाहणाऱ्या मोटरच्या एकाच वेटोळ्यातून प्रवाह वाढत जातो. यासाठी एसटीएम32 सारख्या चिपांमध्ये डीबगच्या वेळी टायमर गोठवायचे बिट दिलेले असतात. ते कधी लावायचे आणि तेव्हा आउटपुट कोणत्या स्थितीत राहतील, हे मोटर जोडण्याआधी वाचून घ्यावे. प्रोसेसरपासून स्वतंत्र असणे याचा अर्थ प्रोसेसरच्या मरणापासूनही स्वतंत्र असणे असा होतो. कंपॅरेटरच्या बाबतीत तो फायद्याचा, इथे नेमका उलट.

आपल्याकडे पॉलिटेक्निकच्या आणि इंजिनिअरिंगच्या अनेक प्रयोगशाळांत मायक्रोकंट्रोलरची ओळख अजूनही 8051 वर, विलंबाच्या लूपने एलईडी लुकलुकवून होते. 8051 शिकवण्यावर माझा आक्षेप नाही. छोटी, समजणारी चिप आहे. आक्षेप आहे तो विद्यार्थ्याच्या मनात बसणाऱ्या पहिल्या धड्यावर, की वेळ पाळायचा म्हणजे प्रोसेसरला मोजत बसवायचे. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पिको काही शे रुपयांत मिळते, आणि आठ चॅनलचा साधा लॉजिक ॲनलायझरही विद्यार्थ्यांच्या गटाला परवडतो. एकच प्रयोग बदलता येईल. एक चौकोनी तरंग तीन प्रकारे काढायचा: विलंबाच्या लूपने, टायमरच्या इंटरप्टने आणि पीआयओने. तिन्ही चालू असताना सिरियल पोर्टवरून सतत अक्षरे पाठवत राहायचे, आणि प्रत्येक तरंगाची सर्वांत लांब व सर्वांत आखूड पल्स ॲनलायझरवर मोजून वहीत लिहायची. सरासरी लिहायची नाही.